घरतांचं टपाल

घरतांना ‘ईमेल’ हा शब्द आवडत नसे. ते ‘पत्र’ म्हणत. तीनशे माणसांना एकाच वेळी पत्र पोचवणारी जी व्यवस्था त्यांनी उभी केली होती, तिला कोणी ‘मेलिंग लिस्ट’ म्हटलं की ते चहात माशी पडल्यासारखा चेहरा करत. त्यांच्या लेखी ते ‘टपाल’ होतं. वसई-विरारमधली माणसं त्याला ‘घरतांचं टपाल’ म्हणत आणि हे नाव ऐकून ते मनातून खूश होत, पण तसं दाखवत नसत.

घरत टेलिफोन खात्यात होते. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि एक्स्चेंजमध्ये साहेब होऊन निवृत्त झाले. घर खाडीकाठचं, भातशेतीचं. गावातली शेती गेली, इमारती आल्या, भाऊबंद कोणी मुंबईच्या ऑफिसात, कोणी मस्कतला, कोणी विरारच्या फ्लॅटमध्ये असे पांगले, तेव्हा त्यांनी हे टपाल सुरू केलं. एकच पत्ता. त्यावर कोणीही पत्र टाकावं, ते सगळ्यांना पोचावं. कोण गेलं, कोणाला रक्त हवंय, कुठल्या रस्त्यावर झाड पडलंय, कुठे चार दिवस नळ कोरडा आहे. हळूहळू आमच्यासारखे बाहेरून येऊन राहिलेलेही त्यात शिरले. पुढे मोबाईलवरचे ग्रुप आले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं की आता हे बंद करा. ते म्हणाले, “तिथे सकाळी फुलं येतात आणि दिवसभर विनोद येतात. मधेच कोणी माणूस मेला तर कळत नाही.”

टपालाचं यंत्र म्हणजे एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. तो गोखिवऱ्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, त्यांच्या मित्राच्या गाळ्यात पोटमाळ्याच्या खाली ठेवलेला होता. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनत आणि त्या खोक्यांच्या ऑफिसात मी बसे. रोज दहाला घरत येत. चपला बाहेर काढत. मला वाटलं, भाविक आहेत. “भाविक कसला? धूळ जाते आत,” म्हणाले. मग यंत्राजवळ वाकून वास घेत. कुठे काही जळतंय का ते नाकाने बघायची त्यांची सवय खात्यातली होती. ते मोबाईलचा वास घेत, पंख्याच्या बटणाचा घेत. एकदा माझ्या घरी आले तेव्हा मिक्सरचा घेतला आणि म्हणाले, “महिनाभर चालेल.” तीन आठवडे चालला.

आमची ओळख भांडणातून झाली. मी टपालावर पत्र टाकलं, आमच्या सोसायटीसमोरच्या उघड्या गटाराबद्दल, आणि ते मला आलंच नाही. दोन दिवस वाट पाहून मी शेजारच्या गाळ्यात गेले आणि तुमचं टपाल माझी पत्रं खातं असं तोंडावर सांगितलं. घरतांनी मान वर केली नाही. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवून त्यांनी एक वही केली होती, ती उघडली.

“पत्र हरवत नाही,” म्हणाले. “पत्र कुठेतरी बसलेलं असतं. सांगा. सुटलं का?”

“म्हणजे?”

“तुमच्याकडून निघालं का? पाठवलेल्यांत दिसतं का?”

दिसत होतं. मग त्यांनी यंत्राचा रोजनामा काढला. यंत्र दिवसभर काय काय करतं ते ओळीने लिहून ठेवतं, त्याला ते रोजनामा म्हणत. “पोचलं. अकरा वाजून सहा मिनिटं. आता तिसरं. आडलं कुठं?” आणि ते हसले. “कुठेच नाही. तीनशे जणांना गेलं. तुम्हालाच दिसत नाही, कारण तुमची पत्रपेटी ज्या कंपनीची आहे तिला वाटतं, बाईंनी स्वतःच लिहिलंय, त्यांना परत कशाला दाखवा?”

मी चरफडले. ते म्हणाले, “गटाराबद्दल छान लिहिलंय. पण कोणी उत्तर देणार नाही. ते पत्राचं काम नाही.”

सुटलं का, पोचलं का, आडलं कुठं. हे तीन प्रश्न मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले. माणसं तावातावाने येत, फोनवर ओरडत, तुमच्यामुळे आम्हाला अमक्याच्या लग्नाचं कळलं नाही म्हणत. घरत एकालाही तू खोटं बोलतोस असं म्हणत नसत. आधी तीन प्रश्न, मग मत. एखाद्याचं पत्र कुठे अडकलंय ते सापडेपर्यंत ते जेवत नसत. तांदळाची भाकरी आणि सुकटीचा डबा तसाच राही, आणि त्या वासाने आमच्या खोक्यांनाही सुकटीचा वास लागेल अशी आमच्या मालकांची तक्रार असे.

मस्कतच्या एका माणसाला त्याचे वडील गेल्याचं पत्र पोचलं नव्हतं. घरच्यांनी फोन केले होते, पण तो ड्यूटीवर, फोन बंद. त्याला कळलं ते तिसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कोणाकडून. त्याने टपालावर सगळ्यांसमोर घरतांना शिव्या घातल्या. घरतांनी वही घेतली. सगळी सकाळ त्यात गेली. शेवटी कारण सापडलं. त्या माणसाची पेटी भरून वाहत होती, म्हणून आधीची पत्रं परत येत होती, आणि पाच पत्रं लागोपाठ परत आली की यंत्र त्या माणसाला यादीतून बाजूला करतं, कोणाला न सांगता.

“यंत्राला वाटतं, मेला असेल,” घरत म्हणाले. “बाप मेला आणि मुलाला मेलेला धरला.”

चूक त्या माणसाची होती. पेटी त्याने साफ करायला हवी होती. घरतांनी तसं लिहिलं नाही. त्यांनी “कारण समजलं, माफी असावी” एवढंच लिहिलं. आणि त्यानंतर दर सोमवारी यंत्राने बाजूला केलेल्या प्रत्येक माणसाला ते स्वतः फोन करत. “तुमची पेटी भरली आहे. जिवंत आहात ना?” असं विचारत. काही लोक चिडत. काही बायका घाबरत. घरतांना त्याचं काही वाटत नसे. मला हा माणूस तेव्हापासून मनापासून आवडायला लागला, आणि हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना फार बोलणार आहे.

त्यांची एक गंमत होती, म्हणजे तेव्हा ती गंमत वाटे. त्यांचा ‘ण’. त्यांच्या घरची बोली ‘ण’ जाणत नाही. पानी, कोन, मानूस, जेवन. वसईच्या शाळेत पाचवीत गेले तेव्हा मास्तरांनी त्यांना उभं करून ‘पाणी आणा’ एवढं म्हणायला लावलं आणि ते ‘पानी आना’ म्हणाले. वर्ग हसला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशीही उभं केलं, तिसऱ्या दिवशीही. त्या वर्षी घरत रोज संध्याकाळी बांधावर बसून एकटेच ण, ण करत असत. तो ण त्यांनी असा कमावला की तो नको तिथेही यायचा. चिडले की ‘फोण’ म्हणत, ‘लाईण’ म्हणत. आम्ही पाठीमागे हसायचो. त्यांच्या थोरल्या बहिणीला, हिराबायला, ते बोलता बोलता टोकत. ती गास गावाच्या पुढे शेताडीत दिलेली, चौथी शिकलेली, खणखणीत बाई. ती एकदा माझ्यादेखत म्हणाली, “भालू, पान्याला पाणी म्हनलं म्हून ते गोड लागतं काय रं?” घरत हसले, पण कानापर्यंत लाल झाले.

मी साताऱ्याकडची. आधी छापखान्यात प्रुफं तपासायचे, त्यामुळे दुसऱ्याच्या शुद्धलेखनात नाक खुपसायची खोड आहे. टपालावर काही महत्त्वाचं लिहायचं असलं की घरत कागद घेऊन माझ्याकडे येत. “बाई, यातले ण बघा.” मी बघत असे. मला त्यात मोठेपणाही वाटत असे.

एका वर्षी पावसात आमच्याकडे सगळीकडे पाणी भरलं, तेव्हा टपालावर दिवसभरात दीडशे पत्रं आली. त्यातली सव्वाशे काळजी घ्या, देवावर विश्वास ठेवा, अशी. एका गरोदर बाईला न्यायला वाहन हवं होतं, ते पत्र त्या गर्दीत बुडालं. ती वाचली, पण घरत हादरले. त्यानंतर त्यांनी एक नियम केला. पूर आला की टपाल ‘तातडीवर’ टाकायचं. तातडीवर असताना यंत्र प्रत्येक पत्रात ठराविक शब्द शोधणार. त्यातला एखादा जरी शब्द असला, तरी पत्र त्या क्षणी सगळ्यांना जाणार. एकही नसला, तर पत्र यंत्रावरच्याच एका वेगळ्या पेटीत थांबणार, घरतांनी बघून सोडेपर्यंत. आणि तीन दिवसांत सोडलं नाही तर यंत्र ते पुसून टाकणार, कारण पूर ओसरल्यावर शिळे आशीर्वाद कोणाला हवेत?

शब्दांची यादी त्यांनी कागदावर लिहून आणली. पाणी, साप, रक्त, आग, वीज, अडकलो, बुडालं, असे दहा-बारा शब्द होते. “शुद्ध आहेत ना? यंत्राला काना-मात्रेचाही फरक चालत नाही.” मी यादी दोनदा वाचली. शुद्ध होती.

मग त्यांनी हिराबायला शिकवायला घेतलं. तिचे यजमान अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, मूलबाळ नाही, घर सखल भागात. फोन लागला नाही तर काय, या विचाराने घरतांना घोर लागे. दर रविवारी ते जात आणि तिच्याकडून पत्र लिहून घेत. “फोन वाट बघत नाही, बाय. पत्र बघतं. जरा रेंज आली की आपलं आपण निघतं.” ती म्हणायची, “माजी बोटा जाडी हायेत.” पण शिकली. पूर आला तर टपालाच्या पत्त्यावर टाकायचं, हेही शिकली. तिने पाठवलेलं पहिलं पत्र फक्त घरतांना होतं. त्यात लिहिलं होतं, ‘भालू जेवलास का’. ते त्यांनी मला दाखवलं होतं.

ज्या जुलैबद्दल मला सांगायचंय, त्या महिन्यात एका सकाळी भरती आणि पाऊस एकत्र आले. आमच्याकडे नवीन काही नव्हतं. घरतांनी आठलाच टपाल तातडीवर टाकलं. आमच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये पाणी शिरायला लागलं, तसं मी पत्र टाकलं. ‘मीटररूममध्ये पाणी शिरलं आहे, पंप हवा.’ पाऊण तासात घरत कोणाचा तरी ट्रॅक्टर आणि पंप घेऊन हजर. पायजमा मांडीपर्यंत वर केलेला, डोक्यावर खताची पिशवी बांधलेली. अकरा ते दोन ते आमच्याकडे होते. मी त्यांना उपमा दिला. त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ला आणि खाता खाता मोबाईल बघितला.

“बहिणीकडे सगळं ठीक ना?” मी विचारलं.

“फोन लागत नाही. पण बायचं पत्र नाही. म्हणजे ठीक आहे.”

हे वाक्य त्यांनी अगदी निर्धास्तपणे म्हटलं. मीही निर्धास्त झाले.

हिराबायच्या घरात पाणी नऊलाच आलं होतं. आजूबाजूची घरं उंचावरच्या शाळेत गेली होती. नवऱ्याला एकटीला उचलता येईना म्हणून ती मागे राहिली. तिने खाट विटांवर चढवली. मग ती त्याच्या उशाशी उभी राहिली आणि पाणी खाटेवर आलं तेव्हा त्याचं डोकं हातावर धरून ठेवलं. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला तो गेला. संध्याकाळी होडी घेऊन कोळ्यांची माणसं तिथून चालली होती, त्यांना ती दिसली. तेव्हाही तिने त्याला खाली ठेवलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ होती. बायका बसल्या होत्या. हिराबाय म्हणत होती, “मी पत्र धाडलेलं. भालूनं शिकवलेलं तसंच. मग कोन आलं कसं नाय?” घरत दारात उभे होते. दोन दिवस झोपलेले दिसत नव्हते. ते जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

“बाय, तू पाठवलंच नाहीस. पाठवलं असतंस तर आलं असतं. बटण नीट दाबलं गेलं नसेल. माझ्याकडे पत्र हरवत नाही.”

तिने आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघितलं. म्हणाली, “तसंच जालं असंल. माजीच बोटा जाडी.”

तिचा मोबाईल पाण्यात गेला होता. त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली, आणि चार दिवसांत ती गावभर झाली. शिकलेल्या भावाने हातात सगळं दिलं, पण अडाणी बाईला एक बटण दाबता आलं नाही. बिचारा नवरा तिच्या बोटाने गेला. हे कोणी दुष्टपणे बोलत नव्हतं. हळहळून बोलत होते, आणि हळहळ करताना लोक किती लांबवर बोलतात ते आपल्याला माहीत आहे. हिराबायने उजव्या हाताने जेवणं सोडलं, असं मला घरतांच्याच मित्राने गाळ्यात येऊन सांगितलं.

मला त्या दिवशी इतका राग आला की मी उठून शेजारी गेले. पुराच्या संध्याकाळपासून इस्टेटची वीज चार दिवस गेलेली होती. ती आली, तसं यंत्र पुन्हा सुरू झालं होतं, पण घरत नुसतेच त्याच्यासमोर बसून असत. मी म्हटलं, “घरत, मस्कतवाल्याने तुम्हाला आईवरून शिव्या घातल्या. त्याला तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मला विचारलेत. स्वतःच्या बहिणीला विचारलेत का?”

“तिला काय विचारायचं? तिला धड...”

“सुटलं का ते तिने सांगितलंय. पोचलं का ते तुम्ही बघितलंत?”

ते माझ्यावर ओरडले. “तुम्हाला काय कळतं या लाईणीतलं!” मी परत आले आणि रडले. पण दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी आमच्या ऑफिसच्या दारावर टकटक केलं. “बाई, जरा या. मी रोजनामा काढतोय. मला एकट्याला बघवणार नाही.”

थांबलेल्या पत्रांच्या पेटीत काहीच नव्हतं. वीज येऊन यंत्र जागं झालं, तसं तीन दिवसांपेक्षा जुनं सगळं त्याने पुसून टाकलं होतं, घरतांनी सांगून ठेवल्याप्रमाणे. पण रोजनाम्यात प्रत्येक पत्राची एक ओळ उरते. कधी आलं, कोणाकडून, विषय काय, आणि त्याचं काय केलं. त्या दिवशीच्या ओळी वरून खाली ते बोट लावून बघत गेले. दहा चाळीसच्या ओळीवर बोट थांबलं. पत्ता हिराबायचा होता. त्यांनीच तिला काढून दिलेला.

“सुटलं होतं,” घरत म्हणाले. “पोचलं होतं.”

ओळीच्या शेवटी लिहिलं होतं की तातडीचा शब्द नाही, म्हणून पत्र थांबवलं. विषय वाचता येत नव्हता. रोजनाम्यात मराठी अक्षरं सरळ दिसत नाहीत, इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी दिसते. ती यंत्राकडून उलगडून घ्यावी लागते. घरतांनी ती उचलून उलगडायला टाकली. क्षणभराने पडद्यावर मराठीत आलं.

‘पानी घरान आयलं’

मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मी मनातल्या मनात प्रूफ सुधारून ‘पाणी घरात आलं’ असं वाचलं आणि विचार केला, यात पाणी तर आहे, मग का थांबलं? इतकी वर्षं चुका काढून माझा डोळा असा झालाय की चूक दिसताच तो तिला बरोबर करून वाचतो. यंत्र तसं करत नाही. घरतांना मात्र लगेच कळलं. त्यांनी त्या ‘नी’वर बोट ठेवलं.

“यादी मी तपासली होती,” मी म्हटलं.

“तुम्हाला पानी कुठे माहीत, बाई,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. मी त्याच घरात वाढलो. माझी आई पानीच म्हणायची. ही माझ्यासमोर रविवारी रविवारी पानी, पानी म्हणायची आणि मी तिला टोकत होतो. यादी करताना मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. मी म्हटलं, अशुद्ध शब्द टपालात कशाला?”

मी त्यांना धीराचं काही बोलले असते, पण धीराचं काही नव्हतंच. आमच्या मीटररूमला पंप मिळाला, कारण मला ण लिहिता येत होता. हे मी कोणालाही सांगितलं तर लोक म्हणतात, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. पण ते तसंच आहे.

बाराव्याला घरत मला घेऊन गेले. विधी झाले होते, माणसं पांगली होती. हिराबाय पडवीत भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात पदराखाली. घरत तिच्यासमोर जमिनीवर बसले. रोजनाम्याचा कागद त्यांनी छापून आणला होता, तो त्यांनी उलगडला आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. शब्दांची यादी, ण, न, सगळं. ती ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, “म्हंजे बटन बराबर दाबलं गेलेलं?”

“बरोबर. सगळं बरोबर केलंस.”

“किती वाजता पोचलं म्हनतोस?”

“दहा चाळीस.”

“तवा पानी मांडीशी होतं. हे बोलत होते माज्याशी. म्हनाले, भालू येल.” मग म्हणाली, “मी जास्त नाय मागलं. दोन मानसा मागली होती. लिवलेलं तसं. दोनच.”

घरतांनी कागद खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती त्यांना जवळ घेईल असं मला वाटलं. तिने घेतलं नाही.

“उद्याच टपालावर लिहितो,” घरत म्हणाले. “सगळ्यांना. माझी चूक म्हणून. तीनशे जणांना कळेल.”

“आमचे आलीतली कनची बाय तुजं टपाल वाचते?” हिराबाय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मना जे बोलतात ते तीनशेजन नाय बोलत. ह्या बाया बोलतात. तू या दारान उभा राहून बोललास की मी धाडलंच नाय. तो तुजा शब्द गावभर फिरतो. तो माघारी आन. मग मना काय ते सांग.”

घरत उठले. चपला घालायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पाऊस थांबला होता, पण गल्लीत घोट्याएवढा चिखल होता. मला परतीची रिक्षा मिळायची होती म्हणून मी मागोमाग निघाले आणि कोपऱ्यावर उभी राहिले, तिथून गल्ली दिसत होती.

पहिल्या दाराशी एक तरुण सून आली. घरत तिला म्हणाले, “माझ्या बहिणीने पत्र बरोबर पाठवलं होतं. मी अडवलं. तिची काही चूक नाही.” ती गोंधळली. “जाऊ द्या ना काका, झालं ते झालं,” म्हणाली. “झालं ते झालं नाही,” ते म्हणाले, “घरात सगळ्यांना सांगा. मी अडवलं.” तिने मान हलवली आणि आत गेली.

दुसऱ्या दाराशी एक म्हातारी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिला कमी ऐकू येत असावं. घरतांनी तेच सांगितलं. तिने कानाला हात लावला. ते खाली वाकले आणि मोठ्याने, गावच्या बोलीत बोलले. त्यांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

“बायनं धाडलेलं! पानी लिवलेलं तिनं. मी आडवलं. मी!”

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला.

“तू आडवशील काय रं?” ती म्हणाली. “इतका शिकलेला तू. बहिनीचं नाव खराप होतं म्हून अंगावर घेतोस. देव असा भाऊ समद्यांना देवो.”

“नाय गो आये, खरंच...”

“मना म्हाइत हाय,” म्हातारी म्हणाली आणि आतल्या सुनेला हाक मारून सांगायला लागली की भालू आलाय बघ, बिचारा बहिणीसाठी काय काय बोलतोय.

माझी रिक्षा आली. बसताना मी मागे वळून बघितलं. घरत तिसऱ्या दाराशी पोचले होते. अनवाणी पाय चिखलाने माखलेले, हातात तो रोजनाम्याचा कागद. आतली बाई त्यांना पुढे बोलूच देत नव्हती. ती त्यांचा हात धरून, आत या, चहा घ्या, म्हणत होती, आणि ते दारातच उभे राहून मान हलवत होते.